नवतपातली फियाट आणि रविवारची बैठक

मे महिन्याचा शेवट. नवतपा सुरू झालेला, नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला. एखादी जुनी फियाट बुटीबोरीहून वर्धा रोडने झकास पळत येते, अजनी चौकात सिग्नलला थांबते आणि तिथेच बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही. मालक गाडी ढकलून कडुनिंबाच्या सावलीत नेतो, बोनट उघडतो, घाम पुसत उभा राहतो. अर्ध्या तासाने किल्ली फिरवतो, तर गाडी एका झटक्यात सुरू! दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली, तर मिस्त्रीसमोर ती एकदाही बंद पडत नाही.

कार्ब्युरेटरच्या गाड्या ज्यांनी वापरल्या त्यांना हे कोडं चांगलं ठाऊक आहे. त्याची उत्तरं मुख्यतः दोन आहेत आणि दोन्हींची लक्षणं जवळपास सारखी. यातलं आपल्या गाडीचं उत्तर कोणतं, हे एकट्या मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही. एकाच जातीच्या गाड्या बाळगणारे पंचवीस-तीस लोक महिन्यातून एकदा भेटायला लागले, की ते कळतं. जुन्या गाड्यांचे क्लब हौसेसाठी असतात असा समज आहे. हौस असतेच, पण कारखाना बंद पडल्यावर गाडी जिवंत ठेवण्याचं कामही हेच क्लब करतात. ते कसं घडतं, ते या बंद पडलेल्या फियाटपासूनच पाहू.

पेट्रोल पाइपमध्येच उकळतं

पाणी १०० अंशांना उकळतं. पेट्रोलला असा एकच आकडा नाही, कारण ते अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले सगळ्यात हलके भाग ३५-४० अंशांनाच वाफ व्हायला लागतात, जड भागांना त्याच्या कितीतरी पट उष्णता लागते. नागपूरच्या मे महिन्यात बोनटच्या आत किती तापत असेल, याची कल्पना करा.

फियाट, अ‍ॅम्बेसेडर अशा गाड्यांमध्ये पेट्रोलचा पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला असतो. मागच्या टाकीतलं पेट्रोल तो ओढून आणतो. ओढायचं म्हणजे पाइपमधला दाब कमी करायचा, आणि दाब कमी झाला की कुठलाही द्रव कमी तापमानाला उकळतो. त्यामुळे टाकीत शांत असलेलं पेट्रोल पंपाच्या तोंडाशी येऊन वाफ होतं. मग आपल्या गावच्या हापशीचं होतं तेच घडतं: पाण्याची धार तुटून आत हवा शिरली, की दांडा कितीही मारा, नुसता खडखडाट होतो. पंपाचा पडदा वरखाली होत राहतो, पण वाफ दाबली की आकसते आणि सोडली की फुगते, पुढे सरकत नाही. कार्ब्युरेटर कोरडा पडतो. आपल्याकडचे मिस्त्री सांगतात, "भाऊ, पंप हवा धरून राहिला."

मग चालत्या गाडीत हे का होत नाही? गाडी पळत असते तेव्हा समोरून वारा येतो, पंखा फिरतो, शिवाय टाकीतून सतत त्यामानाने थंड पेट्रोल येत राहतं. सिग्नलला थांबलं की वारा थांबतो. चहासाठी थांबून इंजिन बंद केलं तर आणखी वाईट, कारण पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही थांबतात आणि लोखंडात साठलेली उष्णता बाहेर यायला लागते. इंजिन बंद केल्यावर पहिली काही मिनिटं बोनटखालचं तापमान उतरत नाही, उलट चढतं. आजच्या गाड्यांत पंप विजेवर चालणारा आणि टाकीच्या आतच असतो. तो पेट्रोल ढकलतो. पाइपमध्ये दाब जास्त राहतो, म्हणून वाफ धरत नाही.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठलं गेलं, २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचलं. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे वाफ कमी व्हायला हवी असं वाटेल. प्रत्यक्षात ते पेट्रोलमधल्या हलक्या भागांबरोबर असं मिसळतं की मिश्रण साध्या पेट्रोलपेक्षा सहज उडतं. हा परिणाम १० टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, पुढे थोडा उतरतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि जुन्या जातीच्या रबराला फुगवतं किंवा चिरा पाडतं. पन्नास वर्षांपूर्वीचा पंपाचा पडदा बनवणाऱ्याने या इंधनाचा विचार केलेला नव्हता. जुनी गाडी ठेवायची असेल तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचं सगळं रबर इथेनॉलला टिकणारं बसवून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा संशयित: अंगठ्याएवढा कंडेन्सर

आता दुसरं उत्तर. या गाड्यांत डेल्कोच्या (डिस्ट्रिब्यूटरच्या) आत पॉइंट असतात, म्हणजे धातूचे दोन छोटे तुकडे जे सतत उघडझाप करतात. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो आणि कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. ते उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि त्या कोसळण्यातून हजारो व्होल्टचा झटका तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला १०० वेळा घडतं.

क्षेत्र जितकं झटकन कोसळेल तितकी ठिणगी जोरदार. पण करंटला तुटायचं नसतं. पॉइंट उघडताना तो मधल्या फटीतून उडी मारायला बघतो. त्या क्षणी त्याला दुसरी जागा देण्याचं काम कंडेन्सर करतो. तो करंट पोटात घेतो, पॉइंटवर ठिणगी पडत नाही आणि कॉइलचं क्षेत्र एकदम कोसळतं. कंडेन्सरच्या आत धातूच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी असते. ती जुनी झाली की तापल्यावर प्रसरण पावून आतला सांधा सुटतो, करंट पॉइंटवरच जळायला लागतो आणि प्लगची ठिणगी पिवळी, मरतुकडी होते. गाडी बंद. थंड झाल्यावर सांधा पुन्हा जुळतो. गाडी सुरू!

लक्षण तेच, रस्ता तोच, वेळही तीच. पंप थंड करायला त्यावर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं थांबणाऱ्याला वाटतं फडक्याने काम केलं, पण त्या पंधरा मिनिटांत कंडेन्सरही थंड झालेला असतो. म्हणूनच कित्येक मालकांनी पंप बदलला, मग कार्ब्युरेटर बदलला, शेवटी गाडी विकली.

चौकट: गरम गाडी बंद पडली, तर पेट्रोल की करंट?

• एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबा. बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल पोहोचतंय. कोरडं असेल तर दोष पंपाच्या बाजूला.
• पेट्रोल पोहोचत असेल तर ठिणगी तपासा. निळी आणि कडक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळसर, बारीक ठिणगी पडत असेल तर दुसरा कंडेन्सर लावून पाहा.
• या दोन तपासण्या एकाच वेळी करू नका. उघडं पेट्रोल आणि ठिणगी जवळ आली तर आग लागते. तापलेल्या सायलेन्सरजवळ पेट्रोलचा पाइप सोडू नका. गाडीत अग्निशामक नळकांडं हवंच.

तीस गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की

"दुसरा कंडेन्सर लावून पाहा" हे लिहायला सोपं आहे. पण चालू स्थितीतला, खात्रीचा कंडेन्सर आणायचा कुठून? दुकानातून आणलेला नवा पार्टही सदोष निघू शकतो. बैठकीला आलेल्या शेजारच्या फियाटमधला कंडेन्सर मात्र आत्ताच पंधरा किलोमीटर चालून आलेला असतो. तो काढून आपल्या गाडीत बसवला आणि गाडी नीट चालली, तर निदान पक्कं. दहा मिनिटांचं काम.

त्याहून मोठी गोष्ट आकड्यांची आहे. समजा एखादा बिघाड प्रत्येक गाडीत सरासरी दहा वर्षांतून एकदा होतो. एकट्या मालकाच्या वाट्याला तो आयुष्यात तीन-चार वेळा येईल, आणि दरवेळी मागच्या खेपेला काय केलं होतं ते त्याला आठवावं लागेल. तीस जणांच्या गटात तोच बिघाड दरवर्षी तीनदा दिसतो. गट दोन-तीन वर्षांत त्या बिघाडाचा जाणकार होतो. कोणत्या गाडीत, किती उन्हात, पंपाखाली जाड पॅकिंग होतं की नव्हतं, पाइप सायलेन्सरच्या किती जवळून गेला होता, हे सगळं शेजारी उभ्या गाड्यांत एका नजरेत दिसतं. पूर्वी कंपनीचा सर्व्हिस विभाग हेच करत होता. हजारो गाड्यांच्या तक्रारी एका टेबलावर यायच्या, म्हणून तिथल्या माणसाला रोग ओळखू यायचा.

ते टेबल आता राहिलेलं नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होत असे. १९७० च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं आणि नवं शतक उजाडता उजाडता तिचं उत्पादन थांबलं. बंगालमधल्या उत्तरपाड्याला अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये बंद झालं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षांची वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्स्यांच्या जिवावर सुट्या भागांचा बाजार चालत होता. तो आटला की नागपूरच्या मालकाने मुंबईला फोन करून पार्ट मागवायचा, हा मार्गही अरुंद होत जाणार.

बैठकीला गाडी घेऊनच का यायचं

चांगल्या गटांत एक नियम असतो: स्कूटरवर येऊ नका, गाडी चालवत या. यामागे दिखाव्यापेक्षा रसायनशास्त्र जास्त आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. वाचायला विचित्र वाटतं, पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पाणीच होणार. गरम इंजिनात ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंड इंजिनात त्यातला काही भाग सिलिंडरच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो आणि काही सायलेन्सरच्या डब्यात साचतो. ऑइलमधल्या पाण्यात ज्वलनातली आम्लं विरघळतात आणि बेअरिंगं खातात. सायलेन्सर आतून गंजतो. हे पाणी उडवून लावायचं तर ऑइल चांगलं तापलं पाहिजे आणि त्याला रस्त्यावर निदान वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

म्हणून कंपाउंडमध्ये रोज पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवण्याची आपली घरगुती पद्धत गाडीला वाचवत नाही, तिची झीज वाढवते. रोज थोडं पाणी आत घातलं जातं आणि एकदाही बाहेर काढलं जात नाही. वडिलांची गाडी म्हणून जिवापाड जपणारे मुलगे हे करतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यांच्या भावनेत काहीच खोट नसते.

उभ्या गाडीचे इतर हालही याच जातीचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, मग ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून अडकतात. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर राहतो, त्याने जेटची बारीक भोकं बुजतात. बॅटरी वापराविना हळूहळू उतरते आणि उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कडक थर चढतो. टायर एकाच जागी दबतात.

महिन्यातून एकदा सकाळी, ऊन चढायच्या आत, सिव्हिल लाइन्समधून कामठीला जाऊन परत आलं की साधारण ३० किलोमीटर होतात. ऑइल तापतं, ब्रेक हलतात, बॅटरी भरते. परतीच्या वाटेवर तर्री-पोहे होतात आणि पोह्यांच्या प्लेटा हातात घेऊन एकमेकांच्या बोनटमध्ये डोकावणं होतं. खरी शिकवणी तेव्हाच चालते. गाड्या गरम असतात, त्यामुळे गरम गाडीचे रोग लपत नाहीत. गॅरेजमध्ये मिस्त्रीसमोर न बंद पडणारी गाडी इथे सगळ्यांसमोर बंद पडते, आणि ते मालकाच्या पथ्यावरच पडतं.

पार्ट मिळत नाही म्हणजे काय मिळत नाही

"याचा पार्ट येत नाही" हे वाक्य ऐकून कितीतरी गाड्या भंगारात गेल्या. त्यातल्या बऱ्याच वेळा पार्ट येत असतो, कंपनीच्या नावाचा खोका येत नसतो.

बेअरिंग घ्या. त्याच्या कडेवर आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६२०३. हा आकडा कुठल्या मोटार कंपनीचा नाही, जगभर मान्य असलेल्या मापाचा आहे. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना पाचने गुणा, भोकाचं माप मिळतं: ६२०४ चं २०, ६२०५ चं २५. म्हणजे मोटारीच्या दुकानात नाही मिळालं, तरी शेतीच्या यंत्रांच्या किंवा पाण्याच्या मोटारींच्या दुकानात तेच बेअरिंग सापडू शकतं. ऑइल सीलवरही आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी लिहिलेली असते.

गटातली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, असं मला विचारलं तर मी एक वही दाखवीन. तिच्यात डावीकडे कंपनीचा पार्ट नंबर आणि उजवीकडे बाजारात चालणारं माप लिहिलेलं असतं. कोणी हबचं बेअरिंग बदललं की जुन्यावरचा आकडा त्याने वहीत उतरवायचा. आकडा खोडला गेला असेल तर व्हर्नियरने मापून लिहायचं. दोन-चार वर्षांत निम्मी गाडी त्या वहीत येते.

जे पार्ट असे सर्वसाधारण मापाचे नसतात, ते बनवून घ्यावे लागतात. काचेभोवतीचं रबर, दाराची बिडिंग, इंजिनखालचे रबरी माउंट. यात खर्च रबराचा नसतो, साच्याचा असतो. समजा साच्याला ४०,००० रुपये लागतात. एका मालकाला हा खर्च वेडेपणा वाटेल. चाळीस मालकांनी वाटून घेतला तर माणशी १,००० रुपये आणि साचा पुढच्यांसाठीही शिल्लक. यासाठी नागपूर, पुणे, मुंबई, इंदूरच्या गटांनी एकमेकांना धरून राहणं गरजेचं आहे. एका शहरात एका जातीच्या चाळीस गाड्या नेहमीच असतील असं नाही.

मोटारमालकांचे जुने संघ

मोटारमालक एकत्र आले ते जुन्या गाड्यांसाठी नव्हे, तर नव्या गाड्या चालवता याव्यात म्हणून. लंडनमध्ये १९०५ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल असोसिएशनची माणसं पोलिसांनी वेग मोजायला लावलेल्या सापळ्यांची सूचना सदस्यांना रस्त्यावर देत. आपल्या भागात वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झाली. तेव्हा प्रश्न रस्त्यांचा होता. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुचवल्यावर १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि तो रस्त्यांसाठी वेगळा काढला जाऊ लागला. देशभरातले मुख्य अभियंते १९४३ मध्ये नागपुरात जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही वर्गवारी ठरली. ती योजना आजही 'नागपूर योजना' म्हणून ओळखली जाते.

पंधरा ते पन्नास

आता प्रश्न गाडीच्या वयाचा आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद आली. रस्ते वाहतूक खातं तेव्हा नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याकडेच होतं. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी या वर्गात येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

नियम चांगला आहे. पण खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. म्हणजे १५ व्या वर्षापासून ५० व्या वर्षापर्यंत गाडी ना नवी, ना व्हिंटेज. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत ३० वर्षांची, जपलेली आणि रोज न वापरली जाणारी गाडी ऐतिहासिक ठरते. त्या हिशेबाने डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली पहिली मारुती ८०० कधीच ऐतिहासिक झाली, आपल्या नियमाने ती २०३३ मध्ये होईल. शेवटच्या अ‍ॅम्बेसेडरला २०६४ पर्यंत थांबावं लागेल. गाडी भंगारात जाते ती याच पस्तीस वर्षांत. 'मूळ रूपात' हे सिद्ध करायला लागणारे कागद, जुनी बिलं, फोटोही याच काळात हरवतात. कोणत्या वर्षी कोणता दिवा, कोणती जाळी, कोणता रंग होता, हे सांगू शकणारे लोक गटात असतील तरच पन्नासाव्या वर्षी गाडीला साक्षीदार मिळतो.

पुढची अडचण: न दिसणारा पार्ट

२००० च्या सुमाराला मारुती ८०० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आता किती पेट्रोल सोडायचं हे एका डब्यातलं इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं, त्याला ईसीयू म्हणतात. पंपाचा पडदा रबराचा तुकडा कापून बनवता येतो, बुश लेथवर काढता येतं. ईसीयूच्या चिपमधली आज्ञावली मात्र कुठल्याच लेथवर निघत नाही. ती चिपमध्ये विजेच्या सूक्ष्म साठ्याच्या रूपात असते आणि तो साठा काही दशकांत गळू शकतो. सर्किटवरचे कपॅसिटरही त्याआधीच सुकतात. शिवाय बोनटखालची उष्णता दोन्हींचं वय कमी करते, आणि आपल्याकडे उष्णता भरपूर.

म्हणून पंचवीस वर्षांच्या मारुती, झेन, सँट्रो बाळगणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. गाडी चालू आहे तोवरच गट करा. एखाद्या जाणत्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून ईसीयूतली माहिती वाचून जपून ठेवा, मॉडेल आणि वर्षासह. भंगारात निघालेल्या गाडीचे ईसीयू, वायरिंगचे कनेक्टर आणि सेन्सर काढून घ्या आणि कोणत्या गाडीचे ते लेबल लावून ठेवा. फियाटवाल्यांच्या वहीत बेअरिंगचे आकडे असतात, तुमच्या वहीत या चिपांचे नंबर असतील. ती लिहायला घ्यायची वेळ हीच आहे, कारण आज या गाड्यांना कोणी जुन्या म्हणत नाही आणि भंगारवाल्याकडे ईसीयू किलोच्या भावाने मिळतात.